गाण्याचे चित्र आणि चित्रातली माणसे



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि हजेरी ह्यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज गाण्यांवर बोलणार आहे. त्यातही गाणी ऐकण्यावर नव्हे, पाहण्यावर. तरी आपली समजूत मी अगदीच खोटी ठरवणार नाही. हजेरीचा प्रश्न ह्याही विषयात आहे आणि बोलत बोलत मी तिथेच येणार आहे.

आज गाणे नुसते ऐकणारा माणूस दुर्मिळ झाला आहे. एसटीच्या थांब्यावरचा विद्यार्थी, रात्रपाळी करून परतणारा कामगार, घरातल्या आजीबाई, सगळे गाणे पाहतात. म्हणून आपण सर्वांनी घरी जाऊन एक साधा प्रयोग करावा. मोबाईलवर कोणत्याही मराठी गाण्याचे चित्र लावावे आणि आवाज पूर्ण बंद करावा. अर्ध्या मिनिटात आपण सांगू शकाल, की ही लावणी आहे, हे कोळीगीत आहे, हे भक्तिगीत आहे, हा पोवाडा आहे. एक सूर कानी न पडता हे कसे कळले? कळले, कारण प्रत्येक जातीच्या गाण्याचे चित्र ठरलेल्या संकेतांवर उभे असते. घुंगरू बांधलेले पाय, फेटा उडवणारा पाटील, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, गडाच्या बुरुजावर डफ वाजवणारा शाहीर. हे संकेत आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत, की ते कोणी तरी कधी तरी ठरवले आहेत हेच आपण विसरतो. आणि संकेत म्हटला की त्यात काही दाखवलेले असते, तसे काही झाकलेलेही असते. काय झाकलेले असते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

शिराळ्यात बोलतो आहे, तेव्हा पहिले उदाहरण नागाचेच देतो. 1954 साली 'नागिन' हा हिंदी चित्रपट आला. हेमंतकुमारांच्या संगीतातली त्यातली पुंगी देशभर गाजली. तेव्हापासून पुंगी वाजली की नाग मोहित होऊन डोलतो, हा चित्राचा संकेत पक्का झाला. इतका, की वरातीत रुमालाचे टोक दातात धरून एकजण गारुडी होतो आणि दुसरा जमिनीवर लोळून नाग होतो. आता शिराळकरांना नागाचे ज्ञान मी सांगावे असे काही नाही. नाग पुंगीच्या सुरावर डोलत नाही, पुंगीच्या हालण्यावर डोलतो, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण गंमत पुढेच आहे. त्या चित्रपटात जी पुंगी ऐकू येते, ती पुंगीच नव्हे! ती क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवलेली आहे, आणि वाजवणारे होते कल्याणजी, जे पुढे कल्याणजी-आनंदजी ह्या जोडीने प्रसिद्धीस आले. म्हणजे पडद्यावर पुंगी एकाच्या हाती, सूर दुसऱ्याच्या बोटांचा, आणि ते बोट कुठेच दिसत नाही. गाण्याच्या चित्राचा सगळा व्यवहार ह्या एका उदाहरणात सामावला आहे.

हे असे पहिल्यापासून नव्हते. जात्यावर ओवी म्हणणारी बाई स्वतःच दळत होती. मोटेवरचा गडी गात होता, त्याच्याच हातात कासरा होता. त्या गाण्याला वेगळे चित्र लागत नव्हते. गाणारा समोर होता, त्याचे काम समोर होते आणि पुष्कळदा ऐकणाराही त्याच कामात होता. मग तबकडी आली. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे 3 मिनिटांचे गाणे मावे. गाणे गाणाऱ्यापासून सुटे झाले, आणि त्याची लांबी यंत्राने ठरवली. पुढे आकाशवाणीने गाणे घरोघर नेले. पुणे केंद्रावरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर 'गीतरामायण' चालले. 56 गीते, आणि चित्र एकही नाही. प्रत्येकाने आपापल्या मनात आपापली अयोध्या उभी केली. गाण्याला चित्र नसणे ही उणीवच असते असे नाही, एवढे त्यावरून लक्षात ठेवावे.

चित्रपटाने गाण्याला चित्र दिले. आरंभी नट स्वतःच गात असे. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' ह्या चित्रपटात पार्श्वगायनाचा पायंडा पाडला, आणि कंठ एकाचा व ओठ दुसऱ्याचे अशी कामाची विभागणी झाली. कारखान्यात विभागणी झाली की माल वाढतो आणि कामगार दिसेनासा होतो, हे आम्हां संघटनेच्या माणसांना नवे नाही. गाण्याच्या कारखान्यातही तेच घडले. आता एकेक जात घेऊन पाहू.

पहिले भक्तिगीत. आजच्या भक्तिगीताचे चित्र आपणांस पाठ आहे. प्रथम मूर्तीचा मुखवटा, मग समईची ज्योत, मग नवा रेशमी सदरा घातलेला गायक हात जोडून उभा. वारीचे चित्र असेल तर ते हटकून आकाशातून घेतलेले, लाख माणसांचा पांढरा पट्टा सरकताना दिसतो. दृश्य मोठे देखणे असते. पण आकाशातून पाहिले की वारकऱ्याचे पाऊल दिसत नाही, त्या पावलाला पडलेली भेग दिसत नाही, आणि वारीत तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईने मागे कोणाच्या भरवशावर शेरडे सोडली आहेत हेही कळत नाही. ह्याच्या शेजारी 1936 सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' ठेवून पाहा. दामले आणि फत्तेलाल ह्यांनी तो दिग्दर्शित केला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस त्यात स्वतः गातात, आणि गातात ते रोजच्या व्यवहाराच्या मध्ये. घरात, वाटेवर, शेतात, इंद्रायणीकाठी. शिवाय अभंग चालू असताना चूल थंड आहे, हे तो चित्रपट एक क्षणही विसरू देत नाही. ती आठवण देते जिजाई. ती भूमिका करणाऱ्या गौरीबाई प्रभात कंपनीत आल्या त्या साध्या कामगार म्हणून. कामाने दमलेल्या बाईचा राग त्यांना कोणी शिकवावा लागला नसेल. भक्ती आणि भाकरी एकाच चौकटीत दाखवली, म्हणून त्या चित्रपटातली भक्ती खोटी वाटत नाही.

दुसरी लावणी. हा विषय आपल्या मुलखाचा आहे. पठ्ठे बापूराव शेजारच्या वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. लावणी म्हणताच पडद्यावर काय दिसते? पायातले घुंगरू, मग कंबर, मग डोळा. नंतर गादीवर रेललेला पाटील, त्याची मिशी, उडणारा फेटा आणि नोटा. 1972 च्या 'पिंजरा'नंतर तर हा आराखडा छापील अर्जासारखा झाला. रकाने तेच, नावे तेवढी बदलायची. पण ही लावणीची अर्धीच बाजू आहे. बैठकीच्या लावणीत गाणारी स्वतः बसून गाते. एकच ओळ ती दहा वेळा घेते आणि दहाही वेळा तिचा अर्थ निराळा करते. एकदा विनवणी, एकदा टोमणा, एकदा नुसती थट्टा. ह्यालाच अदा म्हणतात, आणि अदेला वेळ लागतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर ह्या कलेच्या थोर जाणकार होत्या. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली त्या गेल्या. त्यांची कला 3 मिनिटांत मावणारी नव्हती. तबकडीने वेळ कापला. मग अदेची जागा भरून काढायला कॅमेरा पायावरून कमरेवर आणि कमरेवरून डोळ्यांवर उड्या मारू लागला. पुष्कळ सज्जन म्हणतात, लावणी बीभत्स झाली. माझे म्हणणे असे, की लावणी करणारीला आधी गप्प केले गेले. तिच्या चेहऱ्याला आणि तिच्या बुद्धीला वेळ दिला नाही, म्हणून तिची कंबर तेवढी उरली.

सुलोचना चव्हाण ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांच्या गळ्याने चित्रपटातली लावणी घरोघर पोचवली. पडद्यावर नाचणारी नटी वेगळी असे. त्या स्वतः कार्यक्रमात मात्र अंगभर पदर घेऊन, जागेवर उभ्या राहून गात, आणि नुसत्या आवाजाच्या फेकीने सभा जिंकत. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. लावणीची ताकद शब्दात आणि गळ्यात आहे, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता? आणि नाचणारीच्या मागे जो फड असतो, त्याची दखल 2010 च्या 'नटरंग'ने घेतली. शेतमजूर गुणा नाच्या होतो आणि त्यापायी काय काय सोसतो, ते त्यात आले. पण त्या चित्रपटातल्या लावण्या सुट्या काढून पाहिल्या, की गुणा गळून पडतो आणि रोषणाई तेवढी उरते. सुटे गाणे पाहण्याच्या आजच्या सवयीचा हा दोष आहे.

तिसरे कोळीगीत. त्यावर थोडक्यातच बोलतो. रांगेने उभ्या बायका, वल्हे मारल्यासारखे हलणारे हात, निळा समुद्र, रंगवलेली होडी. कोळीण हसतमुख, टोपली डोक्यावर. मासळी उतरवणे, बर्फ फोडणे, लिलाव, बाजारातली दिवसभराची बैठक, डिझेलचा खर्च, ह्यांतले काहीच चित्रात नसते. समुद्र म्हणजे जणू वनभोजनाची जागा! उलट 1977 च्या 'जैत रे जैत'मध्ये ठाकरांची गाणी आहेत. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. तिथे डोंगर, मध आणि ढोल ही नेपथ्याची सजावट नाही. त्या माणसांचे जगणेच त्या गाण्यांतून पुढे सरकते.

कष्टाचे गाणे चित्रात कसे आणावे, ह्याचा धडाही आपल्याच भागात आहे. कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी 1965 साली 'साधी माणसं' काढला. लता मंगेशकरांनी 'आनंदघन' ह्या नावाने त्याला संगीत दिले. त्यातले ऐरणीचे गाणे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. बागेत नाही, तळ्याकाठी नाही. भाता, ऐरण आणि हातोडा हेच त्याचे नेपथ्य. लोहाराच्या संसारातली प्रार्थना लोहाराच्या कामाच्या जागीच होते. ते गाणे 60 वर्षे लोकांच्या ओठी राहिले. कष्ट दाखवले तर गाणे चालत नाही, असे म्हणणाऱ्या धंदेवाल्यांना हे एवढे उत्तर पुरे आहे.

चौथी शाहिरी. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी, अमर शेखांनी आणि गव्हाणकरांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांची शाहिरी गिरणगावच्या चाळींत आणि मैदानांवर झाली. शाहीर ज्यांच्याबद्दल गाई तेच समोर बसलेले असत. आजच्या पोवाड्याच्या चित्रात मात्र गड असतो, घोडे असतात, भगवी धूळ असते, तलवार संथ गतीने फिरते. ज्याला उद्देशून गायचे तो माणूस नसतो. मागे झील धरणारे असतात, त्यांचे चेहरे धुरात हरवतात. आंबेडकरी जलशाची रीत अजून थोडी निराळी आहे. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतला गायक श्रोत्याच्या डोळ्यांत पाहून प्रश्न विचारतो. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट ह्या दृष्टीने अवश्य पाहावा. 11 जुलै 1997 रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन 10 माणसे मेली, आणि त्या दुःखात शाहीर विलास घोगरे ह्यांनी आपले जीवन संपवले. 14 वर्षे चित्रीकरण करून तो माहितीपट तयार झाला. त्यात गाणारी माणसे आपल्याच वस्तीत, आपल्याच आवाजात गातात. तिथे ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा नाही.

परदेशात ह्याहून फार वेगळे आहे असे समजू नका. अमेरिकेत 1940 च्या सुमारास खानावळींत नाणे टाकले की 3 मिनिटांचे गाण्याचे चित्र दाखवणारी यंत्रे होती. 1 ऑगस्ट 1981 रोजी, म्हणजे योगायोगाने आपल्या अण्णाभाऊंच्या जन्मतारखेला, एमटीव्ही ही दिवसरात्र गाण्यांची चित्रे दाखवणारी वाहिनी तिथे सुरू झाली. तिथेही प्रत्येक जातीचा संकेत ठरला. रॉक संगीत असेल तर वादक वाजवताना दिसलेच पाहिजेत. घाम हा त्या संगीताचा दाखला. पॉप असेल तर वादक गायब आणि नाचणारे पुढे. पण कोणाचे चित्र लावायचे हे मालक ठरवी, आणि आरंभी काळ्या कलावंतांना तिथे फारसे स्थान नव्हते. 1983 साली मायकेल जॅक्सनच्या गाण्यांनी ते दार उघडले. काळ्यांच्या वस्त्यांतून आलेल्या रॅपने मग स्वतःचा संकेत केला. आमची गल्ली, आमची पोरे, कॅमेऱ्याकडे रोखलेले बोट. चेहरा लपवायचा नाही, पत्ता लपवायचा नाही.

तोच संकेत मुंबईत आला. 2014 साली कुर्ल्याच्या नेझी ह्या तरुणाने 'आफत' हे गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे चित्रही त्यानेच घेतले. 2019 साली 'स्वदेशी' ह्या गटाने आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर ह्यांना बरोबर घेऊन वारली उठावावर गाणे केले. कॉम्रेड गोदावरी परुळेकरांनी ज्या वारल्यांना 1945 साली उभे केले, त्यांचे नाव रॅपमध्ये आले. मला रॅप कळतो असे नाही. पण हक्काचा आवाज ओळखू येतो.

ह्यावरून कोणी असे समजू नये, की आपला संकेत आला म्हणजे प्रश्न सुटला. 2016 चा 'सैराट' घ्या. त्यातला पोरांचा नाच नृत्यशाळेतला नाही. गावच्या वरातीतला आहे, म्हणून गावोगावच्या पोरांना तो आपला वाटला. ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याच गाण्यांतला वाद्यमेळ काही अंशी अमेरिकेत लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला. संगीत उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. तरी ज्या वरातीचा तो नाच, त्या वरातीत वाजवणारा बेंजोवाला आणि हलगीवाला आज कुठे आहे? डॉल्बीच्या भिंतीमागे, नाही तर घरी बसून. आमच्या ओळखीचा एक हलगीवाला गेल्या वर्षी मला म्हणाला, "आबा, माझी हलगी पेन ड्राइव्हमध्ये भरून नेली, आता मला कशाला बोलावतील?" त्याला एका दिवसाची बिदागी मिळाली होती. कागद नाही, पावती नाही, चित्रात नाव नाही.

इथे मी हजेरीवर येतो. गिरणीत हजेरीपट असतो. त्यावर नाव नसेल तर माणूस दिवसभर राबला तरी कायद्याच्या दृष्टीने तो आलाच नाही. गाण्याच्या शेवटी येणारी नावे हा गाण्याचा हजेरीपट आहे. जुन्या चित्रपटांत निदान ती यादी येई. आज मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. त्यात ना कवीचे नाव, ना ढोलकीवाल्याचे, ना दिवा धरणाऱ्याचे. कायदा काहीच नाही असे नव्हे. सिनेकामगारांसाठी 1981 साली कायदा झाला, त्याने लेखी कराराची अट घातली. पण तो कथाचित्रपटापुरता होता. 2012 साली प्रताधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि कवी, संगीतकार व गायक-वादक ह्यांच्या मानधनातील वाट्याला आधार मिळाला. 2020 साली मंजूर झालेल्या कामगार संहितेत 'दृक्श्राव्य कामगार' असा व्यापक शब्द आला. शब्द चांगला आहे. पण संहितेतला शब्द आणि हलगीवाल्याच्या हातातली पावती ह्यांच्यामध्ये जे अंतर असते, ते चालून जायला संघटना लागते. हा माझा 30 वर्षांचा अनुभव आहे.

शिराळ्यात आणि वारणाकाठच्या गावांत आज कितीतरी तरुण मुले-मुली मोबाईलवर गाण्यांची चित्रे करतात. कोणी त्यांना हसते, कोणी वाया गेली म्हणते. मी तसे म्हणणार नाही. ज्या यंत्रासाठी पूर्वी स्टुडिओ लागे, ते यंत्र आज शेतमजुराच्या मुलाच्या खिशात आहे. आमच्या पिढीला असे हत्यार मिळाले नाही. माझे त्या मुलांना तीनच मागणी-अर्ज आहेत. पहिला असा, की चित्र घेण्यापूर्वी एक कागद लिहा. कोण काय काम करणार, किती घेणार, आणि गाणे चालले तर पुढे त्याचा वाटा किती. दुसरा, शेवटी सर्वांची नावे द्या. हलगीवाल्याचे, पाणी देणाऱ्याचे, गाडी चालवणाऱ्याचेही. त्याला चार सेकंद लागतात. आणि तिसरा, दुसऱ्याच्या गाण्यातली मोटार, माडी आणि बाग उसनी आणू नका. तुमच्या आईचे ऊसतोडीचे कोयते, तुमच्या बापाचा भाताचा चिखल, तुमच्या बहिणीची शिवणयंत्रावरची रात्र, हे तुमचे नेपथ्य आहे. ते कोणाही निर्मात्याला भाड्याने मिळणार नाही.

आणि आपण श्रोते! आपल्यालाही काम आहे. पुढचे गाणे पाहाल तेव्हा चार प्रश्न विचारा. गाते कोण? वाजवते कोण? ज्याचे हे जगणे, तो चित्रात कुठे उभा आहे? आणि हे सगळे कोणाच्या डोळ्यांनी पाहिले जाते आहे? हे विचारल्याने गाण्याचा आनंद कमी होत नाही. ऐरणीचे गाणे मी ह्या प्रश्नांनिशी अनेकदा पाहिले, आणि दर वेळी ते अधिकच आवडले. जे गाणे ह्या प्रश्नांपुढे टिकते, त्याला जपा. जे टिकत नाही, त्यावर नाचायचे तर खुशाल नाचा. पण वाजवणाऱ्याला त्याची मजुरी मिळाली की नाही, एवढे मात्र विचारून नाचा.